काडीपहिलवान एनबीएत टिकतो का?

माझा भाचा १६ वर्षांचा आहे, उंची ६ फूट ३ इंच आणि वजन ५८ किलो. गल्लीत सगळे त्याला शेवग्याची शेंग म्हणतात आणि आमची आई तर तो दारात दिसला की पहिलं वाक्य हेच बोलते, "पाप्याचं पितर झालंय नुसतं, खातोस की नाही रे?" पोरगा बास्केटबॉलवेडा आहे, सकाळ-संध्याकाळ कोर्टवर असतो, आणि मागच्या महिन्यात ताईचा फोन आला की अरे, हा म्हणतोय मला पुढे हेच करायचंय, पण याच्या अंगावर मांसच नाही, समोरच्या दांडग्या पोराने एक धक्का दिला तर हाडं मोडतील याची, तूच सांग बाबा काय ते. ताईला फोनवर जे सांगितलं ते इथे नीट लिहून काढतोय, कारण कोर्टवर येणारे बाकीचे आईबापही मला हेच विचारतात.

यशाचं आधी बोलू, कारण त्याचं उत्तर सोपं आहे. एनबीए म्हणजे अमेरिकेची व्यावसायिक बास्केटबॉल लीग, आणि तिथल्या टीम दरवर्षी नवीन पोरं नंबरवारीने निवडतात त्याला ड्राफ्ट म्हणतात. २००७ च्या ड्राफ्टच्या आधी ऑर्लँडोत पोरांची शारीरिक चाचणी झाली, त्यात १८५ पाउंडांचा म्हणजे ८४ किलोचा बार बेंच प्रेसला, म्हणजे बाकावर उताणं झोपून, किती वेळा उचलता येतो ते बघतात. केविन ड्युरांटला तो एकदाही उचलता आला नाही. एकदाही नाही! तेव्हा तो १८ वर्षांचा होता, नुसते हात आणि पाय, आणि याचं एनबीएत कसं होणार यावर भरपूर चर्चा झाली. त्याच ड्राफ्टमध्ये पहिल्या नंबरवर पोर्टलंडने ग्रेग ओडनला घेतलं, ७ फूट उंच, भरलेलं अंग, बघताक्षणी सेंटर, म्हणजे बास्केटखालचा उंच गडी, वाटावा असा. ड्युरांट दुसऱ्या नंबरवर सिअॅटलला गेला. पुढे काय झालं? ओडनच्या गुडघ्याचं ऑपरेशन पहिला सीझन सुरू व्हायच्या आधीच झालं, मग एकामागून एक दुखणी, आणि एनबीएत तो सगळ्या मिळून १०५ मॅच खेळू शकला. ड्युरांट ११०० च्या वर मॅच खेळला, चार वेळा लीगमध्ये सर्वात जास्त पॉइंट काढणारा ठरला, २०१४ ला एमव्हीपी म्हणजे सीझनचा सर्वोत्तम खेळाडू, २०१७ आणि २०१८ ला चॅम्पियन, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ३०,००० पॉइंट पार करणारा तो आठवा खेळाडू झाला. ओडनची हळहळ मला आजही वाटते, त्याची काहीच चूक नव्हती, पण नुसत्या अंगकाठीवरून माणूस टिकेल की नाही हे ठरवता येत नाही हे त्या एका ड्राफ्टमधून फार स्पष्ट दिसतं.

बरं ती बेंच प्रेसची चाचणीही जरा समजून घ्या. लांब हाताच्या माणसाला बार छातीपासून वर न्यायला जास्त अंतर न्यावा लागतो आणि तरफ लांब असल्यामुळे खांद्यावर ताणही जास्त येतो, त्यामुळे तेवढीच ताकद असलेला आखूड हाताचा माणूस तिथे जिंकतो. कोर्टवर मात्र तेच लांब हात सोनं आहेत. ड्युरांट डोक्याच्या वरून बॉल सोडतो तेव्हा समोरच्याचा हात तिथे पोचतच नाही.

आता अवघड भाग, शरीर टिकण्याचा. इथे एक छोटं गणित करू, कारण हे गणित कळलं की अर्धा गैरसमज जातो. समजा एक माणूस ५ फूट ८ इंचांचा आहे, ७० किलो, आपल्याकडचा चांगल्या बांध्याचा. त्याला आहे त्याच प्रमाणात मोठा करत ७ फूट १ इंचापर्यंत नेलं तर उंची सव्वापट झाली. पण माणूस फक्त उंचीत वाढत नाही, रुंदीत आणि जाडीतही सव्वापट होतो, म्हणून वजन सव्वा गुणिले सव्वा गुणिले सव्वा, म्हणजे जवळजवळ दुप्पट, साधारण १३७ किलो. आणि हाडाची जाडी? जे वजन पेलतं ते हाडाचं आडवं क्षेत्र फक्त सव्वा गुणिले सव्वा वाढतं, म्हणजे दीडपटीहून जरासं जास्त. ओझं दुप्पट, खांब दीडपट. म्हणजे नुसतं उंच झाल्यामुळे हाडाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवरचा भार २५ टक्क्यांनी वाढला, माणूस जाड नसतानाही.

आता याच उंचीचा चेट होल्मग्रेन बघा, ओक्लाहोमा सिटीचा. ड्राफ्टच्या वेळी ७ फूट १ इंच आणि १९५ पाउंड, म्हणजे ८८ किलो. गणिताने १३७ यायला हवे होते आणि हा ८८. सगळे म्हणाले मोडेल हा, पण एका अर्थाने बघितलं तर प्रत्येक उडीनंतर त्याच्या पावलांवर जे आदळतं ते ८८ किलोच्या हिशोबाने आदळतं. उडी मारून खाली येताना पायावर अंगाच्या वजनाच्या कितीतरी पट जोर येतो, चार-पाच पट तर सहज, आणि एका मॅचमध्ये अशा उड्या किती, आणि सीझनला मॅच ८२. तुमच्या अंगावर १० किलो फुकटचे चढले तर प्रत्येक वेळी पायाला ४०-५० किलोचा जास्तीचा दणका. म्हणून मी ताईला म्हटलं, पोराला जाड करायच्या मागे लागू नकोस गं.

याओ मिंग आठवतोय? ७ फूट ६ इंच, १४० किलोच्या आसपास, आणि काय नजाकतीचा खेळ होता त्याचा. डाव्या पावलात पुन्हा पुन्हा स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या भाराने हाडाला जाणारा बारीक तडा, आणि २०११ मध्ये तिशीतच निवृत्ती. झायन विल्यमसन ६ फूट ६ इंच आणि लीगमध्ये आला तेव्हा १२९ किलो, उसळी अशी की बघत राहावं, आणि २०२१-२२ चा अख्खा सीझन उजव्या पावलाचं हाड मोडल्यामुळे बाहेर. आता गंमत बघा, झायनचं जे हाड मोडलं ते करंगळीच्या मागचं, पावलाच्या बाहेरच्या कडेचं लांब हाड, आणि ड्युरांटचं २०१४ मध्ये जे मोडलं तेही उजव्या पावलातलं तेच हाड. एक बैलासारखा, एक काडीसारखा, हाड एकच! ड्युरांटवर तर सहा महिन्यांच्या आत तीन ऑपरेशन झाली आणि त्या सीझनला तो फक्त २७ मॅच खेळला. कारण असं की वेगात पळताना झटकन दिशा बदलली की सगळा भार पावलाच्या त्या बाहेरच्या कडेवर जातो, आणि त्या हाडाच्या मागच्या टोकाजवळ एक जागा अशी आहे जिथे रक्तपुरवठा कमी, त्यामुळे बारीक तडा गेला तर भरून यायला वेळ लागतो आणि तेवढ्यात पुढची मॅच आलेली असते.

मग बारीक असण्याचा तोटा काहीच नाही का? आहे ना, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. हाड बारीक असेल तर वाकण्याला आणि पिळण्याला ते कमी तोंड देतं, नळी थोडीशी जाड झाली तरी तिची वाकण्याविरुद्धची ताकद बरीच वाढते, म्हणून अरुंद नडगीच्या तरुणांना स्ट्रेस फ्रॅक्चर जास्त होतात असं सैन्यातल्या नवीन भरतीच्या पोरांवर झालेल्या अभ्यासातही दिसलंय. दुसरं म्हणजे पडणं. नोव्हेंबर २०२४ मध्ये होल्मग्रेन गोल्डन स्टेटविरुद्ध बास्केटजवळून मारलेला एक लेअप शॉट अडवायला उडाला, हवेत तोल गेला आणि उजव्या खुब्यावर सरळ आपटला. कमरेचं हाड मोडलं, तीन महिने बाहेर. तिथे हाडावर मांसाची गादी असती तर थोडा मार तिने खाल्ला असता असं मला वाटतं, तेवढा वाटा बारीकपणाचा मी मान्य करतो. पण त्याआधीची त्याची मोठी दुखापत बघा, ऑगस्ट २०२२, सिअॅटलमधली उन्हाळ्यातली एक प्रदर्शनी मॅच, समोरून लेब्रॉन जेम्स भरधाव येतोय, होल्मग्रेन त्याला अडवायला पाय रोवतो आणि उजव्या पावलाच्या मधल्या सांध्याचे लिगामेंट फाटतात. पहिला सीझन खेळण्याआधीच संपला. लोक म्हणाले बघा, सांगितलं होतं ना. पण तो सांधा म्हणजे पावलाच्या कमानीचा कळीचा दगड, तिथे पाय वेडावाकडा रुतला तर कुणाचाही जातो, अगदी अमेरिकन फुटबॉलच्या धिप्पाड खेळाडूंचाही. आणि पुढच्या सीझनला, २०२३-२४ ला, हाच पोरगा ८२ पैकी ८२ मॅच खेळला.

इथे मला जे सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते सांगतो. बारीक असणं वेगळं आणि कमकुवत असणं वेगळं, आणि आपल्याकडे हे दोन्ही एकच धरतात. स्टीफन करी बघा. ६ फूट २ इंच, ड्राफ्टच्या वेळी लोकांनी त्याच्या अंगाकडे बघून नाक मुरडलं होतं, आणि सुरुवातीला घोट्यांनी त्याला रडवलंच, २०११-१२ च्या सीझनला तो फक्त २६ मॅच खेळला, उजव्या घोट्याची दोन ऑपरेशन झाली. मग त्याच्या ट्रेनरनी घोट्यावर पट्ट्या बांधत बसण्यापेक्षा वरती बघितलं. तो थांबताना, वळताना सगळं ओझं घोट्यावर टाकत होता, कारण खुब्याचे आणि मांडीमागचे मोठे स्नायू कामच करत नव्हते. त्याला कंबरेतून नीट वाकून वजन उचलायला शिकवलं, महिनोन्महिने, आणि हा ८५-८६ किलोचा माणूस पुढे ४०० पाउंडांची, म्हणजे १८१ किलोचा बार जमिनीवरून उचलायची डेडलिफ्ट मारायला लागला. अंगाच्या दुप्पट! बाहेरून तो तसाच सडपातळ दिसतो, टीव्हीवर बघून कुणाला वाटणारही नाही. नंतर दोन एमव्हीपी, चार चॅम्पियनशिप. ताकद मोजायची ती अशी, अंगाच्या वजनाच्या प्रमाणात, आणि दंडात नाही, खुब्यात, मांडीत, पोटरीत.

उंच पोरांचं तर आणखी एक आहे, त्यांचा गुरुत्वमध्य वर असतो, म्हणून बुटक्या जाडजूड पोराने पोटाजवळ खांदा लावला की हे हलतात. त्यावर उपाय वजन नाही, बसकण आहे. गुडघे आणि खुबे वाकवून खाली बसता यायला हवं आणि तसं बसून २ तास खेळता यायला हवं. भाच्याला मी हेच सांगतो, बॉक्स-आऊट करताना, म्हणजे परत येणाऱ्या बॉलसाठी समोरच्याला पाठीने अडवताना, त्याच्यापेक्षा तुझा पार्श्वभाग खाली हवा, मग तो ८० किलोचा असला तरी तुला ढकलायला त्याला घाम फुटेल.

खेळही बदललाय हे विसरू नका. २००१-०२ पासून एनबीएत झोन डिफेन्सला, म्हणजे एकेक माणूस न धरता जागा राखण्याला, परवानगी मिळाली, २००४-०५ पासून बाहेर बॉल घेऊन येणाऱ्याला हाताने रोखण्यावर कडक शिट्ट्या वाजायला लागल्या, आणि मग थ्री-पॉइंटरचं, म्हणजे लांबून मारायच्या तीन पॉइंटच्या शॉटचं, पेव फुटलं. २०११-१२ मध्ये एक टीम मॅचला साधारण १८ वेळा थ्रीचा प्रयत्न करायची, २०२४-२५ मध्ये ३७ च्या पुढे. बास्केटखाली पाठ लावून कुस्ती खेळण्यापेक्षा लांबवर पळणं, पसरणं, लांब हात आडवे घालणं याला किंमत आली. सडपातळ माणसासाठी असा काळ याआधी कधी नव्हता. तरी जुन्या धसमुसळ्या काळातही बारीक लोक टिकलेत, रेजी मिलर इंडियानासाठी १८ सीझन आणि १३८९ मॅच खेळला, करीम अब्दुल-जब्बार ७ फूट २ इंचांचा, २० सीझन, १५६० मॅच, आणि तो वर्षानुवर्षं नियमित योगासनं करायचा, आपल्या पोरांना सूर्यनमस्काराचा कंटाळा येतो तेव्हा मी त्याचं नाव घेतो.

आणि मनुट बोल! सुदानमधल्या डिंका समाजाचा, गुरं राखणाऱ्या घरातला, ७ फूट ७ इंच आणि ९० किलोच्या आसपास. यापेक्षा काटकुळा माणूस त्या लीगने बघितला नसेल. १९८५ ला वॉशिंग्टनने त्याला घेतलं, पहिल्याच सीझनला ८० मॅच आणि ३९७ ब्लॉक म्हणजे समोरच्याचे अडवलेले शॉट, मॅचला जवळपास ५. कारकीर्दीत त्याचे ब्लॉक २०८६ आणि पॉइंट १५९९, पॉइंटपेक्षा ब्लॉक जास्त. त्याच्याच मागेपुढे आलेला राल्फ सॅम्पसन ७ फूट ४ इंच, कितीतरी जास्त कौशल्याचा, पण गुडघे आणि पाठ यांनी त्याला तिशीच्या आतच संपवत आणलं. म्हणून म्हणतो, एवढ्या उंचीला धोका आहेच, तो उंचीचा धोका आहे, त्याचं बिल बारीकपणाच्या नावावर फाडू नये.

२२ जून २०२५ ची इंडियाना विरुद्ध ओक्लाहोमा सिटी ही एनबीए फायनलची सातवी मॅच मी दोनदा बघितली. दोन्हीकडे सडपातळ पोरं. इंडियानाचा टायरीस हॅलिबर्टन पोटरी दुखावलेली असताना उतरला होता, पहिल्या ७ मिनिटांत ३ थ्री मारले, ९ पॉइंट, आणि मग एकदा पुढे झेपावायला उजवा पाय मागे दाबला आणि तिथेच कोसळला, हाताने लाकडी फ्लोअर बडवत होता. टाचेच्या वरची जाड दोरी, अकिलीस टेंडन, तुटली होती. ड्युरांटचंही २०१९ च्या फायनलला असंच, आधी पोटरी दुखावली, महिनाभर बाहेर, पाचव्या मॅचला परत आला, १२ मिनिटांत ११ पॉइंट काढले आणि तीच दोरी गेली. यात जाड-बारीकचा संबंध मला दिसत नाही, त्याच २०२५ च्या प्लेऑफमध्ये, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्यांत, जेसन टेटमची आणि डेमियन लिलार्डची अकिलीस पण गेली आणि ते चांगले भरलेले गडी आहेत. हॅलिबर्टन आणि ड्युरांटमध्ये सारखं काय असेल तर ती आधीची दुखरी पोटरी. आणि त्याच मॅचमध्ये दुसऱ्या बाजूला होल्मग्रेन, सात महिन्यांपूर्वी कमरेचं हाड मोडलेला, १८ पॉइंट, ८ रिबाउंड, ५ ब्लॉक, फायनलच्या सातव्या मॅचमध्ये इतके ब्लॉक कुणीच केले नव्हते. ब्लॉक करताना नीट बघा, तो अंगावर जात नाही, सरळ वर उडतो, हात उभे, समोरचा येऊन त्याच्यावर आदळतो पण हात तसेच राहतात. शिवाय ओक्लाहोमाने २०२४ ला आयझाया हार्टेनस्टाइन हा दांडगा सेंटर मुद्दाम घेतला होता, जड माणसांशी झोंबायचं काम बऱ्यापैकी त्याच्याकडे गेलं. बारीक खेळाडूला टीमही तशी लागते, हे आपल्याकडच्या कोचने शिकण्यासारखं आहे, उंच दिसला की उभा कर बास्केटखाली, हे बंद व्हायला पाहिजे.

आता आपल्या घरातलं बोलू. बास्केटबॉल खेळल्याने उंची वाढते म्हणून पोरांना घालतात आणि वजन उचललं की उंची खुंटते म्हणून जिमपासून लांब ठेवतात, दोन्ही समज चुकीचे. उंच पोरं या खेळात टिकतात म्हणून खेळाडू उंच दिसतात, आणि माहीतगार माणसाच्या देखरेखीखाली, आधी पद्धत आणि मग वजन असं केलं तर १६ वर्षांच्या पोराला काहीही होत नाही, उलट हाडावर भार पडला की हाड हळूहळू घट्ट होतं. फक्त हळूहळू. आपल्याकडे अडचण ही की एनबीए मेपलच्या लाकडी फ्लोअरवर खेळतात आणि आमची पोरं सिमेंटवर, तेही सकाळ-संध्याकाळ, झिजलेल्या बुटांत. भाच्याची नडगी दुखायची, हाताने दाबलं की एकाच ठिकाणी कळ यायची, मी त्याला ३ आठवडे उड्या बंद करायला लावल्या आणि डॉक्टरकडे नेलं. एका बोटाने दाखवता येईल असं दुखणं हाडावर असेल तर ते अंगावर काढायचं नसतं.

खाण्याचं मात्र आईचं बरोबर आहे, ती सांगते त्या कारणासाठी नाही एवढंच. वाढीच्या वयात दिवसाला ३-४ तास खेळणारं पोर कमी खात असेल तर शरीर आधी हाडांच्या आणि हार्मोनच्या खर्चात काटछाट करतं, पोर खेळत राहतं आणि आतून हाड पोकळ होत जातं. म्हणून प्रॅक्टिसनंतर लगेच काहीतरी पोटात, दोन अंडी, शेंगदाण्याचा लाडू, दूध-केळं, मग घरी उसळ, भाकरी, भात, तूप. आपल्याकडे ऊन एवढं पण व्हिटॅमिन डी कमी असलेले भरपूर निघतात, ते एकदा तपासून घ्यावं. आणि झोप, ९ तास, मोबाइल बाहेर ठेवून.

एक गोष्ट मी ताईला सगळ्यात शेवटी सांगितली कारण आधी सांगितली असती तर बाकी काही ऐकलं नसतं. खूप उंच, खूप बारीक, लांब बोटं, उंचीपेक्षा बरेच लांब हात, आत गेलेली किंवा पुढे आलेली छाती, पाठीला बाक, लहानपणापासून जाड चष्मा, किंवा घरात कुणी तरुण वयात अचानक गेलेलं, असं दोन-तीन गोष्टींचं एकत्र दिसलं तर मार्फन सिंड्रोमची तपासणी करून घ्यायची. साधारण ५००० माणसांत एकाला असतो, त्यात हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी सैल होत जाते आणि जोराच्या खेळात फाटू शकते. अमेरिकेची व्हॉलीबॉलपटू फ्लो हायमन, ६ फूट ५ इंच, १९८४ च्या ऑलिंपिकची रौप्यपदक विजेती, १९८६ मध्ये जपानमध्ये मॅच चालू असताना बाकावर बसली आणि गेली, ३१ वर्षांची. तिचा मार्फन तिच्या मृत्यूनंतर कळला. २०१४ ला आयझाया ऑस्टिन या पोराला ड्राफ्टच्या काही दिवस आधीच्या तपासणीत तो सापडला, तेव्हा त्याचं खेळणं थांबलं पण जीव वाचला, आणि पुढे डॉक्टरांच्या परवानगीने तो परदेशात खेळलासुद्धा. नुसते लांब हात बघून घाबरू नका, बास्केटबॉलवाल्यांचे हात लांब असतातच, पण हृदयाची एको तपासणी अर्ध्या तासात होते आणि दुखत नाही.

भाच्याची एको आम्ही करून घेतली, नॉर्मल आली. आता तो आठवड्यातून दोन दिवस वजन उचलतो, बाकी दिवशी एका पायावर उतरायची प्रॅक्टिस, आवाज न करता, मी डोळे मिटून ऐकत उभा असतो आणि धप्प आलं की परत. व्हिक्टर वेम्बान्यामा, ७ फूट ४ इंचांचा, अनवाणी पायाने बोटांचे व्यायाम करतो हे त्याने कुठेतरी बघितलं, तेव्हापासून रात्री जेवताना हा खुर्चीत बसून पायाच्या बोटांनी जमिनीवरचा टॉवेल गोळा करत असतो, आणि आई समोर बसून त्याच्या ताटात तिसरी भाकरी वाढते.